यहूदाचे काय झाले?



पवित्र सप्ताह जवळ आला की बायबल वर्गात, समूह प्रार्थनेत, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक प्रश्न हमखास निघतो. यहूदा इस्कार्योतचे पुढे काय झाले? तो नरकात गेला का? मुले हा प्रश्न मोकळेपणाने विचारतात. मोठी माणसे जरा आडून विचारतात. आणि काही जण तो मुळीच विचारत नाहीत, पण उत्तर काय मिळते याकडे त्यांचे कान लागलेले असतात. त्यांच्या घरातील कोणीतरी स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपवलेले असते. त्यांना यहूदाविषयी काही जाणून घ्यायचे नसते, आपल्या माणसाविषयी जाणून घ्यायचे असते.

अशी घरे थोडीथोडकी नाहीत. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,७०,९२४ जणांनी आपले जीवन संपवले, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. त्यात २२,७४६ जण आपल्या महाराष्ट्रातले होते आणि राज्यांमध्ये हा आकडा सर्वात मोठा होता. तेव्हा यहूदाविषयी बोलताना आपण जपून बोलले पाहिजे. घाईने उच्चारलेले एक वाक्य कोणाच्या तरी काळजात वर्षानुवर्षे रुतून बसते. ‘बायबलमध्ये स्पष्ट लिहिले आहे’ असे म्हणण्याआधी तेथे नेमके काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, हे एकदा शांतपणे पाहू या.

पहिला प्रश्न असा की यहूदाने हे केलेच का? संत मार्क काहीच कारण देत नाही. यहूदा मुख्य याजकांकडे गेला, त्यांना आनंद झाला आणि त्यांनी पैसे देण्याचे कबूल केले, एवढेच तो सांगतो. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदा स्वतःच मोबदल्याविषयी विचारतो आणि त्याला तीस चांदीची नाणी मिळतात. संत लूक आणि संत योहान सांगतात की सैतान त्याच्यात शिरला. योहान आणखी एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे शिष्यांच्या पैशांची थैली यहूदाकडे असे आणि तो त्यातून चोरी करी. मग कारण कोणते, लोभ, सैतानाचा मोह, की मनातील दुसरीच काही खळबळ? चार शुभवर्तमानकार आपल्याला एकच एक उत्तर देत नाहीत.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. जे घडले ते शास्त्रलेखाप्रमाणे घडायचेच होते, तर यहूदाचा दोष किती? शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशू दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणे जात आहे, आणि तरीही त्याला धरून देणाऱ्याची केवढी दुर्दशा! या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हे तो समजावून सांगत नाही. ख्रिस्तसभा आपल्याला एवढे निश्चित शिकवते की देव कोणालाही नरकासाठी आधीच नेमून ठेवत नाही. यहूदा हा देवाच्या हातातील बाहुले नव्हता. पण देवाची योजना आणि माणसाची इच्छा यांची वीण नेमकी कशी आहे, ते आपल्याला पूर्णपणे दिसत नाही.

तिसरा प्रश्न त्याच्या शेवटाचा. मत्तय सांगतो की येशूला शिक्षा झाल्याचे पाहून यहूदा पस्तावला, नाणी परत करायला गेला, ती मंदिरात टाकून निघून गेला आणि त्याने गळफास घेतला. त्या पैशांतून याजकांनी कुंभाराचे शेत विकत घेतले. प्रेषितांच्या कृत्यांत मात्र शेत यहूदानेच घेतले असे येते आणि तेथे तो पडून मेला असे सांगितले आहे. या दोन हकिकती जुळवण्याचा प्रयत्न फार जुन्या काळापासून अनेकांनी केला. ख्रिस्तसभेने मात्र दोन्ही आपापल्या ठिकाणी तशाच राहू दिल्या. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड करण्यापूर्वी शिष्यांनी जी प्रार्थना केली, तीत तो त्याच्या स्वतःच्या ठिकाणी गेला असे म्हटले आहे. ते ठिकाण कोणते, हे शिष्यांनी सांगितले नाही.

आता सर्वात जड शब्दांकडे वळू या, कारण ते टाळून चालणार नाही. तो माणूस जन्मला नसता तर त्याच्यासाठी बरे झाले असते, असे येशू म्हणाला. योहानाच्या शुभवर्तमानात तर त्याचा उल्लेख नाशाचा पुत्र असा येतो. हे शब्द वाचून संत ऑगस्टीनसारख्या थोर गुरूंनी यहूदाविषयी अत्यंत कठोर मत मांडले. इटालियन कवी दांते याने तर त्याला नरकाच्या तळाशी, सैतानाच्या जबड्यात बसवले. पोर्तुगाल, ब्राझील, मेक्सिको या देशांत पवित्र शनिवारच्या सुमारास यहूदाचा पुतळा जाळण्याची प्रथा लोकांनी पाळली. हा सारा वारसा आपल्या मागे आहे आणि तो नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

परंतु तेच शब्द दुसऱ्या बाजूनेही ऐकता येतात. येशूने वापरलेला ‘हाय हाय’ अशा अर्थाचा उद्गार नेहमी शाप म्हणूनच येतो असे नाही. यरुशलेमवर संकट येईल तेव्हा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांची काय दशा होईल, असे तो कळवळून म्हणतो, तेथेही मूळ ग्रीक भाषेत तोच उद्गार आहे. त्या आयांना तो शाप देत नव्हता, त्यांच्यासाठी शोक करत होता. जन्मलोच नसतो तर बरे झाले असते, असा आक्रोश ईयोबाने केला, यिर्मया संदेष्ट्यानेही केला. देवाने त्या दोघांना टाकले नाही. मत्तयाने यहूदाच्या पस्तावण्यासाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे, तोच त्याने दोन मुलांच्या दाखल्यातही वापरला आहे. आधी बापाला नाही म्हणणारा आणि नंतर पस्तावून द्राक्षमळ्यात कामाला जाणारा जो मुलगा, त्याच्यासाठी. खऱ्या मनपरिवर्तनासाठी नव्या करारात सहसा दुसराच शब्द येतो, हेही खरे. म्हणजे या एका शब्दावरून यहूदा वाचला असे सिद्ध होत नाही आणि तो बुडाला असेही सिद्ध होत नाही.

तिसऱ्या शतकातील विद्वान ओरिजन याने तर असे सुचवले की यहूदाला मरण एवढ्यासाठी हवे होते की आपल्या मागोमाग मरणलोकात येणाऱ्या प्रभूला गाठून त्याच्याकडे दयेची याचना करता यावी. ही केवळ एका माणसाची कल्पना आहे, ख्रिस्तसभेची शिकवण नाही. पण इतक्या जुन्या काळातही श्रद्धावंतांचे मन या प्रश्नापाशी अडत होते, एवढे त्यातून कळते.

ख्रिस्तसभेने आजवर हजारो स्त्री-पुरुषांना संत म्हणून घोषित केले. ते स्वर्गात आहेत असे ती ठामपणे सांगते. परंतु अमुक एक मनुष्य नरकात आहे, असे तिने नाव घेऊन कधीही घोषित केलेले नाही. यहूदाचेही नाव घेतलेले नाही. नरक आहे असे ती शिकवते, देवाला कायमचे नाकारणे माणसाला शक्य आहे असेही शिकवते. पण शेवटच्या क्षणी कोणाच्या अंतःकरणात काय घडले, त्याचा निवाडा ती आपल्या हाती घेत नाही. १८ ऑक्टोबर २००६ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपल्या बुधवारच्या शिकवणीत यहूदाचा विषय घेतला. निराश होऊन त्याने स्वतःचा नाश केला हे त्यांनी लपवले नाही. पण अपार दयाळू आणि न्यायी देवाच्या जागी आपण बसून त्याच्या कृत्याचे मोजमाप करणे हे आपले काम नव्हे, असेही त्यांनी सांगितले.

हे वाचून कोणी म्हणेल, ‘ही तर पळवाट झाली. उत्तर नाही म्हणून दयेचे नाव पुढे केले.’ हा आक्षेप हलका नाही, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. आम्हांला वाटते, पळवाट आणि भरवसा यांत एक फरक आहे. पळवाट काढणारा कठीण शब्द वाचतच नाही. भरवसा ठेवणारा ते सगळे वाचतो, त्यातील एकही पुसत नाही आणि मग विचारतो, हे शब्द बोलणारा कोण आहे? त्याच रात्री ज्याने यहूदाचेही पाय धुतले, तो. ज्याने ताटात बुडवलेला घास स्वतःच्या हाताने त्याला दिला, तो. गेथशेमाने बागेत पहारेकरी घेऊन आलेल्या त्या माणसाला ज्याने मित्र म्हणून हाक मारली, तो. दुसऱ्या दिवशी क्रुसावरून त्याने आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली. त्या क्षमेत कोण कोण बसते याची यादी संत लूक देत नाही. आपल्याला उत्तर ठाऊक नाही, पण ज्याच्या हाती ते उत्तर आहे त्याला आपण ओळखतो. भरवसा याहून वेगळा काय असतो?

या हकिकतीत आणखी एक प्रसंग आहे आणि त्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. पस्तावलेला यहूदा एकदम मरायला गेला नाही. आधी तो मंदिरात गेला. निर्दोष माणसाला धरून देऊन आपण पाप केले, हे त्याने मुख्य याजकांपुढे आणि वडीलजनांपुढे बोलून दाखवले. पाप कबूल केले, पैसे परत करायला काढले. लोकांच्या पापांसाठी देवापुढे उभे राहणे हेच ज्यांचे काम होते, त्यांच्या दारी तो गेला होता. आणि ते काय म्हणाले? त्याचे आम्हांला काय, तुझे तू बघ, अशा अर्थाचे बोलून त्यांनी त्याला वाटेला लावले. त्यानंतरच तो एकटा निघून गेला.

त्याच रात्री पेत्रानेही प्रभूला तीन वेळा नाकारले होते. तोही बाहेर जाऊन ढसढसा रडला. पण पुनरुत्थानाच्या सकाळी तो इतर शिष्यांबरोबर होता. कोणीतरी त्याला आपल्यात राहू दिले होते. दोघांच्या अंतःकरणांत काय फरक होता तो देव जाणे, पण बाहेरून दिसणारा फरक आपल्यालाही दिसतो. एकाला माणसे होती, दुसऱ्याला दार बंद मिळाले. यहूदा कोठे गेला, हे बायबल आपल्याला सांगत नाही. मात्र त्याला जाऊ देणारे लोक कसे बोलले, ते अगदी स्पष्ट सांगते. कदाचित आपण शिकावे असे जे होते, तेवढेच सांगितले असेल.

संत कॅथरीन ऑफ सिएना यांच्या ‘संवाद’ या ग्रंथात देव म्हणतो की यहूदाच्या विश्वासघातापेक्षा त्याच्या निराशेने आपल्याला अधिक दुःख झाले. हे वाक्य निराश माणसाला दटावण्यासाठी फार वेळा वापरले गेले. पण त्याचा मथितार्थ असा की विश्वासघातासारखे पापसुद्धा देवाच्या दयेहून मोठे नव्हते. ज्याचे मन आज अंधारात आहे त्याला धमकी म्हणून हे ऐकवू नये. अजून दार उघडे आहे, अशी बातमी म्हणून ऐकवावे.

ख्रिस्तसभाही या वाटेने हळूहळू चालत आली आहे. १९१७ च्या कॅनन लॉनुसार ज्याने जाणूनबुजून स्वतःचे जीवन संपवले आणि पश्चात्तापाचे काही चिन्ह दाखवले नाही, त्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या नव्या संहितेतून तो नियम वगळला गेला. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम म्हणतो की जीवन देवाचे आहे आणि ते संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही, परंतु गंभीर मानसिक आजार, तीव्र यातना किंवा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये, देवाला ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आर्सचे धर्मगुरू संत जॉन मेरी व्हियानी यांची एक गोष्ट सांगतात. नदीत उडी घेऊन जीव दिलेल्या एका माणसाची विधवा त्यांच्याकडे आली होती. पूल आणि पाणी यांच्यामधल्या क्षणात तुझ्या पतीला पश्चात्ताप करायला वेळ मिळाला, असे सांगून त्यांनी तिला धीर दिला.

हीच रीत ख्रिस्तसभेने दुसऱ्याही एका अवघड जागी पाळली. पाण्याने आणि आत्म्याने जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असे येशूने निकदेमसला सांगितले. मग स्नानसंस्कार होण्याआधी दगावलेल्या बाळांचे काय? या प्रश्नाने किती आया झुरल्या असतील! कॅटेकिझम अशा बाळांना देवाच्या दयेच्या स्वाधीन करते, आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाच्या दस्तऐवजाने सांगितले की त्यांच्या तारणाची आशा बाळगायला आपल्याकडे सबळ कारणे आहेत. खात्री आहे असे आयोगाने म्हटले नाही, आशा आहे असे म्हटले. स्नानसंस्काराची गरजही त्याने कमी केली नाही.

फ्रान्समधील वेझले गावी संत मरिया माग्दालेना हिचे मोठे मंदिर आहे. त्यातील बाराव्या शतकातल्या एका खांबाच्या माथ्यावर एका बाजूला फास घेतलेला यहूदा कोरला आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचा देह खांद्यावर वाहून नेणारा एक माणूस. दिवंगत पोप फ्रान्सिस यांना हे शिल्प फार आवडे. २०१६ साली रोम धर्मप्रांताच्या मेळाव्यात त्यांनी त्याविषयी सांगितले. तो वाहून नेणारा म्हणजे उत्तम मेंढपाळ येशू, असे त्यांना दिसले. काही अभ्यासकांना तो प्रेत नेणारा साधा माणूस वाटतो. कोणतेही खरे असो, आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने यहूदाला लटकत सोडले नाही, त्याला खाली उतरवून कोणाच्या तरी खांद्यावर दिले.

आता एक गोष्ट जोर देऊन सांगितली पाहिजे. मेलेल्यांसाठी दयेची आशा धरणे म्हणजे जिवंतांना मोकळीक देणे नव्हे. ‘देव दयाळू आहे, मग काय हरकत आहे’ असे म्हणणे हा भरवसा नव्हे, तो दयेचा गैरवापर आहे. आपल्यापैकी कोणाला जगणे नकोसे झाले असेल तर त्याने एकटे राहू नये. घरातल्या माणसाशी बोलावे, फादरांशी बोलावे, डॉक्टरांकडे जावे. मनाच्या आजारासाठी औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. आणि आपल्याकडे कोणी असे मन मोकळे करायला आला तर आपल्या तोंडून त्या याजकांचे वाक्य निघू नये. हातातले काम बाजूला ठेवून आधी त्याचे ऐकून घ्यावे.

संत पौलालाही असा एक न सुटणारा प्रश्न होता. आपल्याच लोकांनी ख्रिस्ताला का स्वीकारले नाही? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तीन अध्याय तो या प्रश्नाशी झगडतो, शास्त्रलेख उलटेपालटे करतो, वाद घालतो. शेवटी मात्र तो देवाच्या शहाणपणाची खोली आपल्याला मोजता येत नाही असे म्हणत त्याची स्तुती करू लागतो. आधी झगडा आणि मग स्तुती, असा तो क्रम आहे. प्रश्न न विचारता केलेली स्तुती पौलाची नव्हे, आणि स्तुतीपर्यंत न पोहोचलेला प्रश्नही त्याचा नव्हे.

तेव्हा यंदा दुःखसहनाचे शुभवर्तमान वाचले जात असताना यहूदाचे नाव आले की आपण मनातल्या मनात त्याचा निकाल लावू नये. त्या क्षणी आपल्या धर्मग्रामातील अशा एखाद्या घराची आठवण करावी, ज्या घरात या नावाने कोणाचे तरी डोळे भरून येतात. त्या मृतात्म्यासाठी एक मिस्सा अर्पण करावी. पास्काच्या आठवड्यात त्या घरी जाऊन चहा घ्यावा, आणि गेलेल्या माणसाचे नाव टाळू नये. त्याच्या चांगल्या आठवणी काढाव्यात. यहूदाचे काय झाले, हे आपल्याला ठाऊक नाही. मात्र आजही कोणी पस्तावलेला, थकलेला माणूस आपल्या दारी येतो, आणि त्याला आत घ्यायचे की नाही, हे आपल्या हाती आहे.

हे दयाळू प्रभो, तुझ्या ग्रंथातले जे आम्हांला कळते ते पाळण्याचे बळ दे. जे कळत नाही ते तुझ्या हाती ठेवण्याची शांती दे. आणि ज्यांना आम्ही परत आणू शकलो नाही, त्यांना तू आपल्या खांद्यावर घे. आमेन.